बोगद्याचा फोटो

बोगद्याच्या छताला तडा गेलाय, असं धाकट्या भावानं साइटवरून फोन करून सांगितलं. फोटो स्कॅन करून मोडेमवरून पाठवतो, म्हणाला. ताई मुख्य कचेरीत इंजिनीयर. काम थांबवायचं की नाही हे तिनं ठरवायचं होतं, आणि आत चाळीस माणसं होती.

मोडेम किरकिरला, खरखरला, जोडला गेला. फोटो वरून खाली ओळीओळीनं उतरू लागला आणि निम्म्यावर लाइन तुटली. त्या काळी तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. तुटलं तिथून पुढे पाठवायची सोयच नव्हती.

दुसऱ्यांदा आला, तोही निम्म्यावर अडकला. तिसऱ्यांदाही तेच. वैतागून ताईनं तिन्ही अर्धवट फोटो छापले आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

पहिल्यात तडा बोटभर होता. दुसऱ्यात हातभर. तिसऱ्यात तो दिव्यांच्या तारेपलीकडे गेला होता.

तिनं दुसऱ्या फोनवरून साइटचा नंबर फिरवला. "सारखे नवे फोटो पाठवतोयस का रे?"

"नवे कुठले, ताई? एकच काढला. तोही एकदाच पाठवला. मग लाइन मेली ती मेलीच, आत्ता कुठे तुझा फोन वाजला."

मोडेमचा दिवा लुकलुकत होता. चौथा फोटो उतरत होता.

साइटला एकच लाइन होती, आणि तिच्यावर भाऊ बोलत होता.

या वेळी फोटो निम्म्यावर थांबला नाही. वरच्या भागात छतच नव्हतं. खाली दगडमातीचा ढीग, ढिगातून वर आलेला एक हात. मनगटावर तिनंच भावाला घेऊन दिलेलं घड्याळ.

"माणसं बाहेर काढ."

"अगं, पण साहेबांना विचारल्याशिवाय..."

"खड्ड्यात गेले साहेब! तोंडाशी उभा राहून हाका मार. आत पाऊल टाकलंस तर माझी शपथ आहे!"

पाऊण तासानं त्याचा फोन आला. त्याला धड बोलता येत नव्हतं. शेवटचा माणूस बाहेर पडला आणि छत बसलं. सगळे सुखरूप होते.

"तुला कसं कळलं गं?"

ताईनं रिसीव्हर ठेवला. ती उठली आणि मोडेमची तार भिंतीतून उपटून काढली.

तार हातात असतानाच पडद्यावर पहिली ओळ उमटली. मग दुसरी.

पांढरं छत. पंख्याचा दांडा. दांड्यापाशी केसाएवढी रेघ.

पंख्याखाली एका बाईचं डोकं दिसू लागलं, पाठमोरं.

ताईनं वर पाहिलं नाही.