शेवटची ओळ

मे महिन्यातल्या दुपारी नागपूर रात्रीपेक्षाही सामसूम असतं. १९८७ सालच्या अशाच एका दुपारी, कोळसा खाणींच्या एका ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत गोपिका एकटीच बसली होती. सकाळी तिचे साहेब महादेवराव सांगून गेले होते, "नवा प्रिंटर आला. जुन्याचा ड्रायव्हर काढून नवा टाका. चारच्या आत खाणींतल्या गॅसच्या मोजमापाचा कागद निघाला पाहिजे."

ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर कसा चालवायचा, हे कॉम्प्युटरला सांगणारा प्रोग्रॅम. या कॉम्प्युटरची मूळ प्रणाली उघडी होती. ऑफिसात कुणालाही वाचता यावी, बदलता यावी अशी. तिच्यातला जुना ड्रायव्हर याच खोलीत काम केलेल्या वामनरावांच्या हातचा. गोपिकाला हे काम त्यांनीच शेजारी बसवून शिकवलं होतं. दिवाळीनंतर ते वारले. आज त्यांनी लिहिलेलं आपल्याच हाताने पुसायचं, म्हणून तिची बोटं जड झाली होती.

तिने एकेक ओळ पुसली, नव्या घातल्या. तेवढ्यात कूलरची घरघर थांबली. ओल्या वाळ्याचा वास खोलीत दाटून आला. आणि पडद्यावर, तिच्या नव्या ओळींच्या मधोमध, एक जुनी ओळ दिसली. पान संपल्यावर दोन सेकंद थांबायला सांगणारी. शेजारी इंग्रजी अक्षरांत टीप होती : गोपिका, घाई नको करू. शेवटची ओळ निघू दे.

तिने ती पुसली. ओळ परत आली. पुन्हा पुसली. पुन्हा आली...

तिच्या खुर्चीची पाठ हळूच मागे वाकली, कुणी हात टेकून उभं राहावं तशी. तिने वळून पाहिलं नाही.

"काका..." ती पुटपुटली. "राहू द्या मंग. नाही काढत मी."

कूलर सुरू झाला.

पावणेचारला नव्या प्रिंटरने खाणींची यादी छापली. अगदी शेवटच्या ओळीत तिचा धाकटा भाऊ देवराव ज्या खाणीत उतरला होता, ती. गॅस धोक्याच्या पातळीच्या वर. तिने लगेच त्या खाणीला फोन फिरवला. साडेचारपर्यंत बासष्ट माणसं वर आली होती.

"ताई, रडून काहून राहिली?" फोनवर देवराव म्हणाला. "आलो ना मी वर."

महादेवरावांनी नंतर ती जुनी ओळ काढून यादी पुन्हा छापून पाहिली. शेवटची खाण कागदावर उमटलीच नाही.

संध्याकाळी गोपिका गांधीबागेमागच्या गल्लीत वामनरावांच्या घरी गेली. त्यांच्या पत्नीला, इंदुताईंना, सगळं सांगायचं होतं. तिने कडी वाजवायच्या आतच इंदुताईंनी दार उघडलं. आत ताट वाढलेलं होतं.

"ये वं पोरी, हात धू. भाकर गरम आहे."

"काकू, मी येणार हे तुमाले कोणं सांगितलं?"

"त्यायनंच," इंदुताई सहज म्हणाल्या. "म्हणे, पोरगी सकाळपासून उपाशी आहे. डबा उघडलाच नाही तिनं."

गोपिकाने खांद्यावरच्या पिशवीत हात घातला. डबा भरलेलाच होता.