रेघेपर्यंत

दुपारी डबा उघडणार तोच बालविभागातून फोन आला आणि लॅबवाल्या ताई ट्रे घेऊन निघाल्या. सहा वर्षांची पोर, पाठभर काळेनिळे वळ. बाप उशाशी ठाण मांडून बसलेला.

"हिचं रक्तच पातळ आहे, ताई. जरा हात लागला की डाग पडतो. हिच्या भावाचंही तसंच होतं. रिपोर्ट तुमच्याच लॅबचा होता ना?"

तो रिपोर्ट ताईंच्याच हातचा होता. भावाचं रक्त नळीत निम्मंच आलं होतं. त्या नळीत रक्त गोठू न देणारं औषध असतं. रक्त नळीवरच्या रेघेपर्यंत भरलं नाही, तर औषध वरचढ होतं आणि धडधाकट मुलाचं रक्तही पातळ ठरतं. हे ठाऊक असून, घरी जायच्या घाईत, त्यांनी तीच नळी मशीनला लावली. मारहाणीच्या संशयातून बाप सुटला. नवव्या दिवशी पोरगा परत आला तो कवटी फुटून, आणि वाचला नाही. नळीची गोष्ट ताईंनी नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

आज पोरीचीही नळी निम्मीच भरली.

"पुन्हा टोचावं लागेल."

"पुरे झालं!" बापाने त्यांचं मनगट धरून खाटेच्या दांडीवर आपटलं. सुई त्यांच्याच बोटात घुसली. वॉर्डबॉयने त्याला कसंबसं बाहेर ओढलं.

बोटाला कापूस बांधून ताई लॅबमध्ये आल्या. निम्मी नळी स्टँडला लावून त्या कपाटात नवी शोधू लागल्या. पाठीमागे आवाज आला. टप... टप...

बंद झाकणाखाली रक्त चढत होतं. बरोबर रेघेवर येऊन थांबलं. नळी हाताला गरम लागली.

त्यांनी ती मशीनला लावली. बारा सेकंदांत गोठलं! रक्त ठणठणीत होतं. त्यांनी डॉक्टरांना फोन केला, "वळ मारल्याचेच आहेत. पोरीला घरी पाठवू नका."

बाप लॅबच्या दाराबाहेरच होता. काच फोडून तो आत घुसला आणि त्याने ताईंचा गळा आवळला. पण बोटं घसरली. काचेने त्याचा तळहात कापला होता. जखम नखाएवढी... टाके घातले, पट्ट्यांवर पट्ट्या बांधल्या. रक्त थांबेचना. चार वाजेपर्यंत तो पांढराफटक पडून मेला.

संध्याकाळी ताई पोरीजवळ बसल्या.

"दादा आला होता," ती हळूच म्हणाली. "म्हणाला, आता नळी भरली."

ताईंना रडू कोसळलं. "आणखी... काय म्हणाला गं?"

पोर ताईंच्या बोटाकडे बघत होती. चौथ्यांदा बदललेला कापूस पुन्हा ओला झाला होता.