कुणाचाच एनॉक

चॅपलमागच्या दफनभूमीत कुणीतरी थर्झाचं आडनाव मोठ्यानं वाचत होतं.

शनिवारची दुपार होती, बारीक पाऊस होता आणि ती वडिलांच्या थडग्यावरची माती सुरीनं खरवडत बसली होती. "ऑटरक्लफ... ऑटरक्लफ... अरेच्चा, हाही ऑटरक्लफच..." आवाज एकेका दगडापाशी थांबत तिच्याच दिशेनं येत होता. तिनं मान वर केली. भिजलेला निळा कोट, हातात भिजलेली टोपी, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की दफनभूमीत तो जरा अशोभनीयच वाटावा.

"सापडले एकदाचे," तो तिला म्हणाला. "खाली दुकानात विचारलं, इथं ऑटरक्लफ कुणी राहतात का? तर म्हणाले, चॅपलमागे जा, सगळे तिथंच आहेत."

थर्झाला हसू आलं. जानेवारीत वडील गेल्यापासून पहिल्यांदाच.

"सगळे नाहीत. एक अजून वर आहे."

"वर कुठं? टेकडीवर?"

"जमिनीच्या वर," ती उठत म्हणाली. "मी. थर्झा. आणि तू कुणाचा?"

यॉर्कशरच्या त्या खोऱ्यात पाहुण्याला पहिला प्रश्न हाच असतो, आणि पाद्री असो की गिरणीचा मालक, सगळ्यांना 'तू'च म्हणतात. त्या माणसानं आडनाव सांगितलं. मीही ऑटरक्लफच, असं तो म्हणाला. क्लेमंट, हल बंदरातून आलोय.

"ते आडनाव झालं. मी विचारलं, कुणाचा?"

त्यानं हातातली टोपी उगाच पिळली. "तेच तर... ते कळावं म्हणूनच आलोय."

पाऊस वाढला म्हणून तिनं त्याला घरी चहाला नेलं. निदान स्वतःला तरी तिनं तसंच सांगितलं.

आता हे 'कुणाचा' प्रकरण समजायला हवं. एके काळी त्या खोऱ्यात निम्म्याहून जास्त लोक ऑटरक्लफ होते. वरच्या घळीत कधी काळी पाणमांजरं होती, म्हणून ती पाणमांजरांची घळ, तिथल्या बोलीत ऑटरक्लफ. त्या घळीवर एक मेंढपाळाचं घर होतं. आणि राजाचा माणूस करवसुलीला आला तेव्हा त्या मेंढपाळाच्या नावापुढे काहीतरी लिहायला हवं म्हणून त्यानं घळीचंच नाव लिहून टाकलं. झालं, आडनाव तयार. मेंढपाळाला मुलं झाली, मुलांना मुलं झाली, ती माग घेऊन खाली गावात उतरली, आणि बघता बघता 'ऑटरक्लफ' अशी हाक मारली की सगळी गल्ली वळून बघायला लागली. मग आडनावाचा उपयोग काय? लोक बापाचं, आजाचं नाव जोडून बोलू लागले. थर्झा ही जोनासच्या विलची थर्झा. बाहेरून येऊन खोऱ्यातली मुलगी केलेला जावई बायकोच्या नावानं ओळखला जाई. जो नावाचा एक चक्कीवाला मरेपर्यंत 'मार्थाचा जो' होता आणि त्याला त्याचं काही वाटत नसे.

पुढे वाफेच्या गिरण्या आल्या, आगगाडी आली, आणि ऑटरक्लफ मंडळी पांगली. डोंगरापलीकडे लँकेशरात गेली, कॅनडात गेली. मग गिरण्याही एकेक बंद पडल्या. खोऱ्यात उरली ती उतारावरच्या शेवटच्या घरातली थर्झा. चालू राहिलेल्या एकाच गिरणीत ती कापडातले तुटलेले धागे सुईनं भरून काढायची आणि संध्याकाळी घरी येऊन एकाच माणसाचा स्वयंपाक करायची. तिला अजून 'विलची थर्झा' म्हणणारे चारदोन म्हातारे होते. ते गेले की तिला फक्त पत्रावरच्या नावानं ओळखतील, ही धास्ती तिनं कुणाला बोलून दाखवली नव्हती. दाखवणार तरी कुणाला?

क्लेम दर शनिवारी यायला लागला.

तो हंबर नदीवरच्या फेरीबोटीवर तिकिटं फाडायचा. नदीवर मोठा पूल होत होता. पूल झाला की बोट बंद, आणि क्लेमही बंद, असं तो हसत सांगायचा. बाप मासेमारीच्या जहाजावरून परत आला नाही, तेव्हा हा लहान होता. आईनं दुसरं लग्न केलं आणि ह्याला खलाशांच्या अनाथालयात ठेवलं. तिथल्या मुलांत ह्याचंच आडनाव सगळ्यांत वेगळं. एवढं दुर्मीळ आडनाव म्हणजे ज्याचं ते असेल तो आपला नातेवाईकच, असा हिशेब त्यानं तेव्हाच मांडला होता.

त्यानं एक शाळकरी नकाशा आणला होता. ऑटरक्लफ जिथे सापडला तिथे एक लाल ठिपका. डोंगराच्या दोन्ही अंगांना ठिपक्यांची दाटी, मग विरळ, आणि खाली दक्षिणेत तर अगदी एखाददुसरा. सुट्टीच्या दिवशी तो त्या ठिपक्यांना भेटायला जायचा.

"सगळे भले लोक," पोळपाटाएवढी आल्याच्या केकची वडी तोंडात भरत तो म्हणाला. "चहा दिला, फोटो दाखवले. पण आपला म्हणून कुणी दार उघडलं नाही. आणि मग मला तू सापडलीस."

'तू' म्हणायला तो आता शिकला होता. थर्झानं किटली उगाच पुन्हा शेगडीवर ठेवली.

"मी काय ठिपका आहे तुझा?"

"तू तर..." त्यानं नकाशाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "तुझ्यापासूनच सगळे ठिपके सुटलेत."

असं बोलणाऱ्या माणसाशी कसं वागायचं, हे थर्झाला कुणी शिकवलं नव्हतं. ती म्हणाली, केकमध्ये गूळ जास्त झालाय. तो म्हणाला, मुळीच नाही. दोघंही बराच वेळ केकबद्दलच बोलत राहिले.

अडचण एवढीच होती, की क्लेमला तिच्यात बहीण हवी होती. चुलत, चुलत-चुलत, कितीही लांबची चालेल, पण रक्ताची. जोनासचा भाऊ कोण, त्याची मुलं कुठं गेली, असं तो खोदून खोदून विचारायचा, आणि एखादा धागा जुळेनासा झाला की त्याचा चेहरा उतरायचा. आणि इकडे, धागे जुळवण्यात जिचा जन्म गेला, ती थर्झा मनातल्या मनात म्हणायची, तुटू दे. देवा, हा एक तेवढा तुटू दे.

मे महिन्यात ती त्याला घळीवरचं मूळ घर दाखवायला घेऊन गेली. छप्पर कधीच गेलं होतं, चुलीच्या जागी नेचे उगवले होते. वाटेत दगडी बांध ओलांडताना त्यानं हात पुढे केला. लहानपणापासून तो बांध ती एका उडीत ओलांडत होती, पण त्या दिवशी तिनं हात धरला. पलीकडे उतरल्यावरही तो थोडा वेळ कुणीच सोडला नाही.

"आडनावात पाणमांजर आहे, आणि मी आयुष्यात एक पाहिलेलं नाही," ती म्हणाली.

"पाणमांजरं गेली, माणसं गेली. आडनाव तेवढं राहिलं. तू लग्न केलंस तर इथून तेही जाईल."

"ऑटरक्लफशीच केलं तर नाही जायचं," ती बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली.

तो हसला नाही. भिंतीच्या दगडावर हात ठेवून, अगदी हळू म्हणाला, "तू माझी बहीण निघालीस ना थर्झा, तर मला... जगात कुणीतरी असेल. बाकी काही नको मला."

बाकी काही नको. थर्झानं ओठावर आलेलं गिळलं आणि पुढे होऊन उतार उतरायला लागली. त्या संध्याकाळी त्याची बस गेल्यावर तिनं दोन कप धुतले, पुसले, आणि त्यातला एक कपाटात न ठेवता तसाच टेबलावर राहू दिला. घर आधीही रिकामं होतं, पण आता ते तिला जाणवायला लागलं होतं.

शेवटचा मार्ग होता हॅना मावशी. बेसीच्या सॅमची हॅना, आडनावानं ऑटरक्लफ नव्हे, पण सगळ्या गावाची मावशी, नव्वदीची, दात गेलेले पण स्मरण शाबूत. तिच्याकडे त्याला आजवर थर्झानं नेलंच नव्हतं, कधी मावशीचे पाय दुखतायत म्हणून, कधी पाऊस आहे म्हणून. जूनमध्ये कारणं संपली.

म्हातारीनं त्याला खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि तोच प्रश्न विचारला. "कुणाचा रे तू, बाळा?"

त्याच्याकडे फक्त आजोबांचं नाव होतं. एनॉक. तरुणपणीच खोरं सोडून समुद्राकडे आलेला एनॉक ऑटरक्लफ.

म्हातारीचे हात मांडीवरच्या लोकरीवर थांबले. "एनॉक," ती म्हणाली. "कुणाचाच एनॉक. कुणाचाच नाही, असा."

मग तिनं सांगितलं. थर्झाचा पणजा ल्यूक एका हिमवादळात मेंढ्या आत घ्यायला गेला, आणि गोठ्यातल्या गवतात त्याला तान्हं पोर सापडलं. कुणी ठेवलं ते कधीच कळलं नाही. ल्यूकनं त्याला घरात घेतलं, आडनाव दिलं, स्वतःच्या मुलाच्या, जोनासच्या ताटात जेवू घातलं. "पण ल्यूकचा एनॉक असं काही कुणी म्हणालं नाही. आम्ही पोरं तर नाहीच. शाळेत जाताना ओरडायचो त्याच्यामागे, कुणाचाच एनॉक, कुणाचाच एनॉक. पोरांना काय कळतंय. हाताशी आल्यावर तो निघून गेला, मागे वळून नाही बघितलं त्यानं."

थर्झानं मनात मागितलं होतं ते मिळालं होतं. धागा तुटला होता. तिच्या काळजात आधी आनंदच उसळला, आणि दुसऱ्याच क्षणी तिची नजर क्लेमच्या चेहऱ्यावर गेली आणि त्या आनंदाची तिला लाज वाटली.

क्लेमनं चहा संपवला. मावशीचे आभार मानले. बसथांब्यावर उभा राहून त्यानं नकाशाची घडी तिच्या हातात दिली.

"हा तू ठेव. हे ठिपके माझे नाहीत." तो हसायचा प्रयत्न करत होता. "एवढ्या लोकांच्या घरी चहा प्यायलो मी, थर्झा. फुकटच."

"क्लेम, माझं ऐक... मला तर—"

पण बस आली होती, आणि मला तर बरंच वाटलं, हे उतरलेल्या चेहऱ्यापुढे कसं म्हणणार?

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. जुलै गेला. तिनं पत्र लिहायला घेतलं आणि 'प्रिय क्लेम'च्या पुढे काही सुचेना. तिनं केक केला आणि शेजारच्या कुत्र्याला घातला. दगडी बांध एका उडीत ओलांडून बघितला. पाय पोचले, पण मजा गेली होती.

हॅना मावशीनंच एके दिवशी विचारलं, पोरगा का येत नाही. थर्झा म्हणाली, तो ऑटरक्लफ नाही म्हणून.

"आणि आडनाव बघून माणूस आपला मानायला कधीपासून लागलो आपण?" म्हातारी चिडली. "अख्खं खोरं ऑटरक्लफ होतं तेव्हा आडनावाला कुत्रं विचारत नव्हतं. हाक कोण मारतं, त्यावर माणूस कुणाचा ते ठरायचं. एनॉकला एका जणानं जरी नीट हाक मारली असती ना, तर तो गेला नसता. मी मारली नाही. तू तरी बसून राहू नकोस."

ऑगस्टमधल्या शनिवारी थर्झा गाड्या बदलत हलला पोचली. धक्क्यावर धुकं होतं, पुलाचे खांब अर्धे दिसत होते, अर्धे नव्हते. नदीपलीकडे न्यू हॉलंडला जाणाऱ्या बोटीच्या फळीपाशी क्लेम उभा होता, आता शनिवारीही कामावर. तो मान खाली घालून तिकिटं फाडत होता आणि कुणाच्याच तोंडाकडे बघत नव्हता. तिला तो एवढा एकटा दिसला, की ठरवलेलं सगळं भाषण ती विसरली.

रांगेच्या शेवटी उभी राहून, खोऱ्यात टेकडीवरच्या माणसाला मारतात तशी खणखणीत हाक तिनं मारली.

"थर्झाच्या क्लेम!"

रांग वळून बघायला लागली. तो मात्र तिकिटंच फाडत होता. अशी हाक त्याला जन्मात कुणी मारली नव्हती, ती आपल्याला आहे हे त्याला कळणार कसं? तिनं पुन्हा हाक मारली. मग त्याचे हात थांबले.

ती जवळ गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "मी ऑटरक्लफ नाही, थर्झा."

"माहीत आहे. त्या दिवशी ते कळलं तेव्हा मला आनंद झाला, आणि तुला तो सांगता आला नाही. बहीण व्हायला मी एवढ्या लांब आलेले नाही."

"पण ही हाक..." त्याला थर्झानं सांगितलेला 'मार्थाचा जो' आठवला असावा, कारण तो कानापर्यंत लाल झाला. "ही तर तुमच्याकडे... बाहेरून आलेल्या जावयाला मारतात ना?"

"हो."

"लग्नानंतर."

"नंतरच. पण मी थोडी आधी मारली. काढून घेऊ का परत?"

त्यानं जोरजोरात मान हलवली. मागे टोपली घेतलेल्या एक बाई म्हणाल्या, बाबा रे, बोट सोडायचीय की नाही. थर्झा जागची हलली नाही.

"दफनभूमीत तुला एक विचारलं होतं. तेव्हा तुला सांगता आलं नव्हतं," ती म्हणाली. "आता सांग. कुणाचा तू?"

क्लेमनं टोपी काढली. पिळायला ती भिजलेली नव्हती, तरी पिळली.

"थर्झाचा," तो म्हणाला.

भोंगा वाजला, आणि आपल्याला ते नीट ऐकू आलं नाही, असं थर्झा म्हणाली. म्हणून त्याला ते पुन्हा सांगावं लागलं, आणि न्यू हॉलंडची बोट त्या दिवशी थोडी उशिरा सुटली.