नाचणारे दमेपर्यंत

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, रत्नाकर भाऊजी, यांच्या बाबतीत हे घडलंय. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

सौदीतलं यान्बू. गेल्या मे महिन्यातला शुक्रवार, भर दुपार.

भाऊजी तिथल्या रिफायनरीत इंजिनिअर. परदेशी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत, म्हणजे कंपाउंडमध्ये, त्यांच्या शेजारी हेमिश नावाचा म्हातारा स्कॉटिश माणूस राहायचा. लहानपणापासून अकॉर्डियन वाजवणारा. गळ्यात अडकवायची ती भात्याची पेटी. गावाकडच्या नाचांना साथ करण्यात त्याचा जन्म गेलेला.

"नाचणारे दमेपर्यंत वाजवणाऱ्यानं थांबायचं नाही, असं वडिलांनी शिकवलंय," तो सांगायचा.

पूर्वी दर शुक्रवारी त्याचे गाववाले कंपाउंडच्या हॉलमध्ये हात धरून, गोल करून नाचायचे. हळूहळू सगळे मायदेशी गेले. काही वारले. हेमिश एकटाच वाजवत राहिला.

त्या दुपारी धुळीचं वादळ उठलं होतं. बाहेर चिटपाखरू नव्हतं. हॉलमधून पेटी ऐकू येत होती. नेहमीपेक्षा फार जलद...

भाऊजींचं जेवण झालं, भांडी घासून झाली. पेटी थांबेना.

म्हणून ते बघायला गेले.

हॉल रिकामा. मधोमध खुर्चीवर हेमिश. घामानं निथळत होता. चेहरा पांढराफटक.

"रत्नाकर, यांना थांबायला सांग."

"कोणाला?"

तेव्हा भाऊजींना ऐकू आलं...

लाकडी फरशीवर पावलं. पुष्कळ पावलं. तालात. हेमिशभोवती गोल फिरणारी.

दिसत कोणीच नव्हतं.

भाऊजी धावले. पेटीचे पट्टे सोडवायला त्यांनी हात पुढे केला...

तो हात कोणीतरी धरला. थंडगार.

मग दुसराही.

"माझ्याच्यानं आता होत नाही," हेमिश रडवेला होऊन म्हणाला. बोटं मात्र चालूच होती. भाऊजी त्याच्यासमोरून जात होते, पुन्हा पुन्हा, हातभर अंतरावरून. त्याला शिवता येत नव्हतं.

किती वेळ गेला, त्यांना सांगता येत नाही. शेवटी हेमिशची मान कलली. भाता लांब सुस्कारा टाकत मिटला...

पावलं थांबली. हात सुटले.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. भाऊजींनी तिथे कोणापाशी अवाक्षर काढलं नाही. सुट्टीवर नाशिकला आले, तेव्हा ताईला आणि मला सांगितलं.

"त्यांनीच ओढलं असेल तुम्हाला," मी म्हणाले. "तुम्ही तरी काय करणार होता?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"श्रुती, मी जन्मात कधी नाचलो नाही गं. स्वतःच्या वरातीतसुद्धा नाही. पण त्या दुपारी माझं एकही पाऊल चुकलं नाही."

ताई त्यांचा हात धरायला गेली.

त्यांनी तो मागे घेतला.

का... ते आम्हाला आजही विचारवत नाही.