चौथ्या घोडीभोवतीचं वर्तुळ

नोलीन ट्रँटर फाटकातून आत आली, तेव्हा थेल्मा क्विग कोंबड्यांना दाणे टाकत होती. कुरिंगा गावात उत्तरेचा वारा सुटला की कोंबड्या कुंपणाच्या तारेला नखं रोवून अंडी घालतात, नाहीतर अंडं पुढच्या गावातल्या न्याहारीला जातं. त्या दिवशी वारा बेताचा होता. एकच कोंबडी उडाली.

"थेल्मा, माझी एक चौकशी कर," नोलीन म्हणाली. "कुणी लबाडी केली असेल तर त्याला पकड. नसेल केली, तर चूक माझी आहे असं तोंडावर सांग. मग मी वेल्डिंगचा मुखवटा खुंटीला टांगते आणि परत हात लावत नाही."

थेल्माची निम्मी हयात विमा कंपनीसाठी खोटे अपघात हुडकण्यात गेली होती. आता ती खाजगी चौकशा करी. पायरीवर टोस्ट खात बसलेला डेस हॅलम तिचा शेजारी, शाळेच्या बसचा निवृत्त ड्रायव्हर. तो तिची गाडी चालवी आणि जिथे तिथे "म्हणजे काय?" असं विचारी. दोन्ही कामं तो मन लावून करायचा.

"ग्लेनिस ऑल्ड्रिजच्या वडिलांची मॉरिस गाडी," नोलीन सांगू लागली. "दोन दारांची, कापडी टपाची. दाराखालच्या दोन्ही सिल गंजून पापड झाल्या होत्या."

"सिल म्हणजे काय?" डेसने विचारलं.

"दार उघडून आत पाय टाकतोस ना, तेव्हा ज्याच्यावरून टाकतोस ती पत्र्याची लांब पेटी. डोक्यावर पत्रा नसलेल्या गाडीचा तोच कणा. तो कापला की सांगाडा ओल्या पुठ्ठ्यासारखा होतो. एक कोपरा बोटभर उचलला गेला तरी सगळा पिळवटतो. म्हणून चार कोपऱ्यांखाली चार लोखंडी घोड्या लावायच्या, पाणसळीला आणायच्या आणि मग नवी सिल जोडायची."

"आणि पिळवटलेला असताना जोडली तर?" थेल्मा म्हणाली.

"तर पीळ आत कायमचा बसतो. तेच झालंय."

गुरुवारी संध्याकाळी नोलीनने पाण्याची नळी लावून चारही कोपरे सारखे केले होते. शुक्रवारी सकाळी उजवी सिल जोडली. शनिवारी रंगारी मर्व्हकडून उजवं दार आलं. ते बसवलं, तर त्याचा मागचा खालचा कोपरा बोटभर बाहेर.

"शुक्रवारी जोडण्याआधी पाणसळ परत नाही पाहिलीस?"

नोलीनने मान खाली घातली. "नाही. गुरुवारीच पाहिली होती. आणि दार जागेवर नसताना जोडायला नको होतं, हेही खरं. पण संध्याकाळी सरळ ठेवलेला सांगाडा सकाळी वाकडा कसा होईल? आर्ची म्हणतो, तो सरळ नव्हताच, तुझी नजर गेलीय. दीर आहे, भागीदार आहे. आज क्लबात जाहीर करणार आहे की ट्रँटर गॅरेज बंद. मला भांडायला तोंड नाही, थेल्मा. नजर खरंच गेली असेल, तर माझ्या हातची गाडी कुणाचा तरी जीव घेईल."

"डेस, टोस्ट गिळ आणि गाडी काढ," थेल्मा म्हणाली.

*

नोलीनचं गॅरेज म्हणजे गव्हाच्या कोठाराएवढी पत्र्याची शेड. उन्हाळ्यात आत इतकं तापतं की उंदीरसुद्धा सावलीसावलीनं चालतात. शेडची किल्ली मागच्या पाण्याच्या टाकीवर खिळ्याला टांगलेली असे, आणि हे गावात फक्त पाळण्यातल्या पोरांना ठाऊक नव्हतं.

मधोमध मॉरिसचा सांगाडा चार घोड्यांवर बसला होता. जमीन राखाडी रंगवलेली. प्रत्येक घोडीच्या पायाभोवती पांढरं वर्तुळ.

"हे कशाला?" डेसने विचारलं.

"घोडी सरकली तर कळावं म्हणून. सगळी बुधवारी काढली, या कांडीनं." नोलीनने खिशातून शंखजिऱ्याची कांडी काढली. "आमचा वेल्डिंगवाल्यांचा खडू. ही माझ्याबरोबर घरी जाते, नाहीतर मर्व्ह पळवतो."

डेसने शेडमधल्या किटलीतला उकळता चहा पत्र्याच्या मगात ओतून घेतला होता. थेल्मा जमिनीवर पोटावर पालथी पडली आणि एकेका घोडीला हातानं फिरवू पाहू लागली. पुढच्या दोन हलेनात. मागची उजवी हलेना. मागच्या डाव्या घोडीला हात लावताच ती पाहुण्यासारखी निमूट बाजूला वळली.

"ही नुसती उभी आहे," थेल्मा पुटपुटली. "हिच्यावर वजनच नाही."

तिला हात देऊन उठवायला डेसने मग खाली ठेवला. नोलीन ओरडली, "अरे लेका, मग उचल! वर्तुळावर ठेवलास!"

डेसने मग उचलला. त्या डाव्या घोडीच्या वर्तुळाचा एक तुकडा नाहीसा झाला होता.

"पुसलं गेलं वाटतं," तो ओशाळून म्हणाला. अंगठ्याला थुंकी लावून त्याने शेजारची रेघही पुसून पाहिली, दोन्ही सारखं दिसावं म्हणून. ती पुसली जाईना.

थेल्माने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शहाणपणाचं केलं होतं. "डेस, मगात परत उकळता चहा भर. आणि आता पुढच्या घोडीच्या वर्तुळावर ठेव."

"अगं, पण नोलीन आत्ताच–"

"ठेव."

त्याने ठेवला, थोड्या वेळाने उचलला. वर्तुळ होतं तसंच होतं. डेसने मनातल्या मनात थेल्माच्या वयाचा हिशेब केला.

*

आर्ची ट्रँटर क्लबाच्या हिरवळीवर पांढऱ्या पोशाखात लॉन बोल्सचे गोळे घरंगळवत होता. पांढऱ्या छोट्या चेंडूला घासून थांबलेल्या गोळ्यावर त्याने खिशातल्या खडूने खूण केली आणि मग वर पाहिलं.

"गुरुवारी संध्याकाळी गेलो होतो की शेडमध्ये. शुक्रवारीही. माझी गोळ्यांची पिशवी तिथंच असते. का? माझ्याच गॅरेजात मी काळंबेरं करीन?"

"गॅरेज बंद व्हावं असं तुलाच वाटतं ना?"

"वाटतं. लपवतो कशाला?" आर्चीचा आवाज चढला. "भाऊ गेला तेव्हा शब्द दिला होता, हिची काळजी घेईन. साठी उलटली तरी बाई ठिणग्यांत बसते. मागच्या महिन्यात बाही पेटली तर म्हणते, बरं झालं, थंडी होती!"

"तुझा खडू बघू."

थेल्माने बाकाच्या कडेवर रेघ ओढली आणि ओला अंगठा फिरवला. रेघ गेली. तिने खडू परत केला.

मर्व्ह रंगारी ट्रकचं बॉनेट घासत होता. खडूचं नाव काढताच तो विंचू चावल्यासारखा बोलला, "माझ्या शेडमध्ये खडू? भुकटी उडाली तर रंगाला गोवर येतो! मी चिकटपट्टी लावतो, खूण करायची तर तिच्यावर पेन्सिलीनं. नोलीनची कांडीसुद्धा मी नेतो ती तिला चिडवायला." मग आठवून म्हणाला, "हां, एक सांगतो. शनिवारी सकाळी दार घेऊन गेलो, तर चाकांचा जॅक भिंतीशी नव्हता. गाडीच्या मागे डाव्या अंगाला होता. मीच अडखळलो. नोलीन जागच्या जागी ठेवणारी बाई, म्हटलं खरंच म्हातारी झाली."

ग्लेनिस ऑल्ड्रिज घरीच होत्या. गावातली सगळी लग्नं त्यांच्या सुईखालून गेलेली. टेबलावर करवलीचा निळा झगा पसरला होता. बोलता बोलता त्यांनी घेरावर पांढरी रेघ मारली, दुमडून टाके घातले, वरून गरम इस्त्री फिरवली आणि झगा झटकून उजेडात धरला. नुकताच कपाटातून काढल्यासारखा.

"बसा गं. स्कोन घे डेस, तू वाळलास." डेस गेली दहा वर्षं वाळलेला नव्हता, पण त्याने त्या गोडसर पावांतले दोन घेतले.

"गाडीचं कळलं ना तुम्हांला?" थेल्माने विचारलं.

"कळलं. नोलीनला बोल लावू नका हं कुणी. गुणाची पोर आहे ती. मी रोज संध्याकाळी खाऊ घेऊन जाते, तर सगळं समजावून सांगते. काय कापलं, काय जोडलं, सांगाडा कशानं पिळवटतो. शेंगा सोलत सांगाड्याजवळ बसते मी. त्या गाडीत मी गाडी शिकले, बाबा शेजारी बसून डोळे मिटून घ्यायचे."

"पूर्ण झाली की तुम्ही चालवणार?"

"छे. आईने ठरवून ठेवलं होतं, घर मला, गाडी माझ्या भावाला, कॉलिनला. झाली की तो ट्रेलरवर घालून पर्थला नेणार." ग्लेनिसनी इस्त्री उभी केली. "आता लांबेल ना गं काम?"

"लांबेल," थेल्मा म्हणाली.

*

संध्याकाळी सगळे शेडमध्ये जमले. आर्ची पांढऱ्या कपड्यांतच आला होता आणि कशाला टेकत नव्हता. ग्लेनिस एका उपड्या खोक्यावर बसल्या. मर्व्ह दाराशी. नोलीन सांगाड्याला हात लावून उभी होती, आजाऱ्याच्या उशाशी उभं राहावं तशी.

"आधी नोलीनचा प्रश्न," थेल्मा म्हणाली. "आर्ची, ही मागची डावी घोडी फिरवून बघ."

आर्चीने दोन बोटांनी घोडी फिरवली. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"नोलीनने पाणसळ चुकीची लावली असती," थेल्मा म्हणाली, "तर घोड्या ज्या उंचीवर होत्या त्याच उंचीवर सिल जोडली गेली असती, आणि सांगाडा आजही चारही घोड्यांवर दाबून बसला असता. तो तीनवरच बसलाय. म्हणजे जोडताना हा कोपरा उंच होता, आणि जोडून झाल्यावर कुणीतरी घोडी खाली आणली. सांगाडा वरच राहिला, कारण पीळ आत बसला होता. नोलीन, तुझी गुरुवारची पाणसळ बरोबर होती. नजर शाबूत आहे."

नोलीनने खाली बसून घेतलं.

"म्हणजे काय?" डेसने विचारलं, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

"म्हणजे कुणीतरी दोनदा आलं. गुरुवारी नोलीन गेल्यावर जॅकनं कोपरा उचलून घोडीखाली काहीतरी सारलं. शुक्रवारी संध्याकाळी ते काढलं. जॅक मात्र तिथंच विसरलं. मर्व्ह अडखळला त्यावर. काढताना घोडी फरफटली, नोलीनचं वर्तुळ बिघडलं. ते घासून नवं काढावं लागलं. नोलीनची कांडी तिच्या खिशात. मग ज्याच्या खिशात जे होतं, त्यानं काढलं."

सगळ्यांनी आर्चीच्या खिशाकडे पाहिलं.

"हे बघा," आर्ची म्हणाला, "खडू बाळगतो म्हणून–"

"तुझा खडू ओल्या अंगठ्यानं जातो. हे वर्तुळ डेसच्या थुंकीला दाद देईना. पण त्याच्या गरम मगाखाली विरलं. नोलीन, तू शंखजिरं का वापरतेस?"

"ज्योतीखाली टिकतं म्हणून. साधी खूण आगीत जाते."

"बरोबर. तुझ्या धंद्याला आगीतही टिकणारी खूण लागते. दुसरा एक धंदा आहे, त्याला गरमीनं नाहीशी होणारी खूण लागते. मेणाचा खडू. रेघ मारायची, टाके घालायचे आणि इस्त्री फिरवायची."

शेडमध्ये पत्रा तडतडला. डेस हळूच ग्लेनिसकडे वळला.

ग्लेनिसनी ॲप्रनच्या खिशातून चपटा खडू काढून मांडीवर ठेवला. "बाह्या दाबायची माझी लाकडी फळी सारली होती," त्या म्हणाल्या. "जॅकचा दांडा हलका असतो, पोरी. सांगाड्यात आहे काय उचलायला? मला वाटलं, सकाळी तू पाणसळ बघशील, चार शिव्या घालशील, परत सरळ करण्यात आठवडाभर जाईल. तेवढीच गाडी इथं राहील. संध्याकाळी स्कोन घेऊन आले, तर तू हसत म्हणालीस, उजवी सिल बसली! माझी जीभच उचलेना. रात्र पडायच्या आत फळी काढली."

"आणि शनिवारी मी रडत होते, तेव्हा?" नोलीनने विचारलं. आवाज अगदी खालचा होता.

"तेव्हा सांगायला हवं होतं."

"मला वाटत होतं मी आंधळी झाले, ग्लेनिस. दोन रात्री मी घरातल्या दाराच्या चौकटी मोजत बसले होते!"

ग्लेनिसनी माफीचा शब्द पुढे केला नाही. तो पुरणार नाही, हे त्यांना कळत होतं.

आर्ची घसा खाकरून म्हणाला, "नोलीन, मी जे बोललो–"

"ते नंतर बोल. ग्राइंडर दे आणि नळीत पाणी भर. त्या कपड्यांसकट."

आर्चीने कपड्यांकडे पाहिलं, मग बादली उचलली. पहिलीच ठिणगी त्याच्या पांढऱ्या विजारीवर पडली. सिलची शेवटची जोडणी कापली गेली, तसा सांगाडा म्हाताऱ्यासारखा कण्हला आणि चौथ्या घोडीवर बसला. नोलीनने पाणसळ पाहिली. एकदा पाहिली, दोनदा पाहिली, मग आर्चीला बाजूला सारून तिसऱ्यांदा पाहिली.

ग्लेनिस उठून दाराकडे निघाल्या होत्या.

"कुठं चाललात?" मुखवट्याआडून नोलीन म्हणाली. "पर्थला कळवा, डिसेंबराच्या आधी गाडी मिळत नाही. सीटची कव्हरं आणि टप शिवायचा आहे, तेही इथंच, माझ्या डोळ्यांसमोर. आणि खडू घरी ठेवून यायचं."

"मग खुणा कशानं करू?"

"टाचण्या लावा," नोलीन म्हणाली आणि ज्योत पेटवली.