उलट्या कडेची धूळ

दसऱ्याच्या आधीचा रविवार होता. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पाहुणे येणार म्हणून मी घर झाडायला काढलं होतं. डबे उतरवून घासले, जळमटं काढली आणि शेवटी आबांच्या खोलीतल्या पंख्याकडे वळले.

आमचं घर कान्ह्यात, स्टेशनच्या अलीकडे. आबांनी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर बांधलेलं, स्लॅबचं. घरात आम्ही दोघंच. मी कामशेतच्या शाळेत विज्ञान शिकवते. आबा, म्हणजे माझे वडील भिमाजी, उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आल्यापासून खाटेवर होते. उजवी बाजू गेलेली, बोलणं अगदी थोडं. झटक्यानंतर त्यांना वारा सोसेना. पंख्याचं बटण दाबलं की डावा हात हलवून "नगं, नगं" करायचे. म्हणून मे महिन्याच्या उकाड्यातसुद्धा आम्ही तो बंदच ठेवला होता.

स्टुलावर चढून मी पात्यावरून बोट फिरवलं आणि तशीच थांबले.

पात्याच्या वरच्या बाजूला नुसती भुरभुर होती. कडेला मात्र करड्या धुळीचा जाड थर, घोंगडीच्या काठासारखा चिकटून बसलेला. तिन्ही पात्यांना तसाच.

हे मी आठवीच्या मुलांना शिकवते. बंद पंख्यावर धूळ बसते ती कपाटावर बसते तशी, सगळीकडे सारखी. पंखा चालू असला की पातं हवा कापत जातं, हवेशी घासून त्यावर विद्युतभार येतो, आणि जी कड हवेत पुढे घुसते तिला धूळ येऊन चिकटते. कड इतकी जाड झाली होती म्हणजे पंखा चालत होता. रोज, तासन्‌तास.

चालवत कोण होतं?

मी शाळेत असताना आबांजवळ एकच माणूस असायचं. रतनबाई. गावातल्याच, साठीच्या आसपासच्या, धिप्पाड. आबांना भरवणं, औषध देणं, अंग पुसणं सगळं त्याच करायच्या. दुसऱ्या दिवशी निघता निघता मी सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, "न्हाई बाई. आबांना वारं सोसत न्हाई, म्या कशाला लावू?" पण हे बोलताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. पंख्याकडे पाहत होत्या.

तिथून माझ्या मनात किडा शिरला. आबांचा खोकला वाढत चालला होता. अंगावरचं मांस उतरत होतं, दर आठवड्याला बंडी अधिक सैल वाटायची. डॉक्टरांनी छातीत कफ सांगितला होता आणि वाऱ्यापासून जपा म्हणून बजावलं होतं. मला चित्र स्पष्ट दिसायला लागलं. दुपारी ही बाई पंखा लावून गार फरशीवर आडवी होते, आणि खाटेवर माझा बाप कुडकुडत पडतो. मी पाती लख्ख पुसून काढली आणि त्यांना काही बोलले नाही. घरी आल्या आल्या त्यांना काही निमित्ताने बाहेर पाठवायचे, स्टुलावर चढून मोटारीला हात लावून बघायचे. मोटार कायम गार. तरी पुढच्या रविवारी कडा पुन्हा करड्या झालेल्या होत्या.

मग मी कामशेतहून माऊली वायरमनला बोलावलं आणि रतनबाईंच्या समोर पंख्याची वायर छतापाशीच तोडायला लावली. माऊलीने दोन्ही टोकांना टेप गुंडाळली. रतनबाई दारात उभ्या होत्या. "बरं केलं," त्या म्हणाल्या, आणि जरा वेळाने स्वतःशीच, "पन तेनं काय व्हतंय..."

आठवडा गेला. धूळ पुन्हा होती.

या वेळी मी नीट पाहिलं. आधी दोन्ही वेळा नुसतं पुसून टाकलं होतं, कड कोणती ते बघितलंच नव्हतं. ती कड चुकीची होती. पंखा जसा फिरतो तशी पुढची कड स्वच्छ, आणि मागची धुळीने माखलेली. म्हणजे तो उलटा फिरत होता. उलट्या पंख्याचा वारा खाली येत नाही. तो खोलीतली हवा वर ओढतो.

मी ती धूळ कागदात घेऊन शाळेत गेले आणि प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली धरली. आमच्या घराजवळून जुना हायवे जातो. घरातल्या धुळीत रस्त्याची माती सापडायला हवी, चादरीचे तंतू सापडायला हवेत. यात तसलं काही नव्हतं. माणसाच्या कातडीच्या बारीक खपल्या होत्या, ढीगभर, आणि मध्ये मध्ये आखूड पांढरे केस.

तरीही माझा संशय रतनबाईंवरून हटला नाही, उलट पक्का झाला. करणीवर माझा विश्वास नाही. त्यांचा असू शकतो. आबांचं अंग पुसतात त्या, केस विंचरतात त्या. तेच गोळा करून तिथे वर लावत असतील तर? कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं. शनिवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून भर दुपारी न सांगता घरी आले.

दार नुसतं लोटलेलं होतं. रतनबाई भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या, पाय खाटेच्या पायाला रोवलेले. हाताला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली. तिचं दुसरं टोक पंख्याच्या पात्याला बांधलेलं होतं आणि पट्टी ताठ होती. त्यांचा तळवा लालबुंद झाला होता. आबा डोळे उघडे ठेवून वर बघत होते.

"मावशी, हे काय चाललंय?"

"हळू बोला, बाई. आत्ता कुटं जरा थांबलाय."

"कोण?"

"सोडला की फिरतोय. उलटा. वायर न्हाई तरी..." त्यांनी पट्टीचा आणखी एक वेढा हाताला घेतला. "आबा वर वढलं जात्यात, बाई. रोज थोडं थोडं."

मी त्यांच्या हातातून पट्टी घेतली, स्टुलावर चढले, गाठ सोडली. पात्याला बोटाने ढकललं. पातं अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं, कुठलाही बंद पंखा थांबतो तसं. सोमवारपासून येऊ नका, असं मी त्यांना सांगितलं. त्या उठल्या. पायात चपला सरकवताना एवढंच म्हणाल्या, "दुपारचं झोपू नका."

रविवारी जेवणं झाल्यावर मी आबांच्या उशाशी सहामाहीचे पेपर तपासत बसले. खिडकीबाहेरून एक मालगाडी गेली. ती गेल्यावर फार शांत झालं. मग वास आला, उन्हात टाकलेल्या जुन्या गोधडीचा, आणि त्यात आबांना लावायच्या तेलाचा. तो खाटेवरून येत नव्हता. वरून येत होता.

समोरच्या पेपरवरचा उजेड कमीजास्त व्हायला लागला. मी लगेच वर पाहिलं नाही. आधी आबांकडे पाहिलं. त्यांचे विरळ पांढरे केस सरळ उभे राहिले होते, पाण्याखालच्या शेवाळासारखे हलत होते. चादरीचा कोपरा उचलला गेला होता. आणि त्यांच्या उघड्या दंडावरून काहीतरी बारीक, कवडशातल्या धुळीसारखं, वर चाललं होतं. माझ्या अंगाला वारा म्हणून लागत नव्हता. वर पंखा फिरत होता. त्याचा आवाज होत नव्हता.

"रतन कुटाय?" आबा म्हणाले. झटक्यानंतर इतकं स्वच्छ ते कधी बोलले नव्हते.

मी स्टुलावर चढून पातं धरलं. बोटांना मार बसला, पण धरलं. ते यंत्रासारखं हिसके देत नव्हतं. दाव्याला बांधलेलं जनावर ओढतं तसं, न थकता ओढत होतं. भिंतीवरचं ऊन उतरेपर्यंत मी दोन्ही हातांनी ते धरून उभी होते. मग एकाएकी त्यातली ओढ गेली.

संध्याकाळी मी खाट ओढत बाहेरच्या खोलीत आणली आणि रतनबाईंच्या घरी गेले. त्या चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या. मी काय काय बोलले ते आठवत नाही. त्यांनी माझी सुजलेली बोटं पाहिली आणि म्हणाल्या, "सकाळी येते." माऊलीने पंखा उतरवून नेला, छतातला हूक कापून वर गिलावा केला. बाहेरच्या खोलीत पंखा नव्हताच. डिसेंबर उजाडेपर्यंत आबांचा खोकला बसला. आता ते एक भाकरी खातात, बंडी पुन्हा अंगाला बसायला लागली आहे. ते काय होतं, असं मी रतनबाईंना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांना ठाऊक नाही. फिरताना दिसला, म्हणून धरला.

परवा गुरुवारी शाळेत वीज नव्हती. वर्ग आठवीचा, धडा घर्षणाने येणाऱ्या विद्युतभाराचा. मी फळ्याकडे तोंड करून आकृती काढत होते. मागची कुजबुज हळूहळू थांबली. वळून पाहिलं तर मुलं फळ्याकडे बघत नव्हती. माझ्या डोक्यावरच्या पंख्याकडे बघत होती.

मी माझ्या हाताकडे पाहिलं. खडूची पूड खाली पडत नव्हती. पांढऱ्या बारीक धाग्यासारखी ती टोकापासून सरळ वर चालली होती.

मी खडू ठेवून दिला. हात रुमालाला चोळून पुसले. तरी बोटांवरून काहीतरी वर जातच राहिलं. आता ते पांढरं नव्हतं, करडं होतं.