घोडागाडीवरची दुसरी बाई

ही माझ्या सख्ख्या मावशीची हकीकत आहे. मीठमसाला मी लावलेला नाही. उलट तिनेच एखाद-दुसरी गोष्ट गाळून सांगितली असावी, असा मला संशय आहे.

साल १९३३. ऑक्टोबर महिना. कॅलिफोर्नियात, मोहावे वाळवंटाच्या कडेच्या खडकाळ टेकड्या.

मावशीचं नाव विल्मा स्टॅडली. स्वस्तातल्या काउबॉय सिनेमांतली नटी. आठवड्याभरात एक सिनेमा उरकायचा, पुढच्या आठवड्यात त्याच घोड्यांवर दुसरा. तिने फक्त किंचाळायचं आणि शेवटी नायकाकडे कौतुकाने बघायचं.

"माझ्यापेक्षा घोड्याचे क्लोजअप जास्त असायचे," असं ती म्हणायची.

पण या वेळी तिला पहिल्यांदाच नायिकेचं मोठं काम मिळालं होतं... आणि तेही अर्ध्यावरून.

आधीची नायिका, नेल कॉर्बी, मधेच निघून गेली होती.

कुठे?

दिग्दर्शक हॉब्स म्हणाला, "कॅन्ससला. आई आजारी आहे तिची."

नायक म्हणाला, "लग्न केलं म्हणे तिने."

स्वयंपाकी ताटात बीन्स वाढता वाढता पुटपुटला, "आई? नेल तर अनाथाश्रमात वाढलेली..." मग हॉब्स येताना दिसला आणि तो पुढच्या ताटाकडे वळला.

मावशीच्या मनात पाल चुकचुकली.

त्यात नेलचाच झगा तिला घालायला दिला. खांद्यावर फाटून पुन्हा शिवलेला. मावशीने तो झटकला, तर शिवणीतून बारीक वाळू पडली.

पहिल्याच दिवशी ध्वनिमुद्रण करणारा ऑटो हेडफोन गळ्यात अडकवून तिच्याकडे आला.

"विल्मा, तू वाक्य दोनदा का म्हणतेस गं?"

"मी? एकदाच म्हटलं."

"आधी हळू, मग मोठ्याने. चांगलं स्पष्ट ऐकलं मी."

"ऑटो, सकाळी सकाळीच घेतलीस का?"

सगळे हसले.

हॉब्स हसला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी ऑटोने हेडफोन तिच्याच कानाला लावले. समोर उघडं माळरान. मायक्रोफोनजवळ चिटपाखरूही नाही.

आधी नुसता वारा.

मग...

एका बाईचा श्वास. अगदी मायक्रोफोनला ओठ लावून घेतलेला.

आणि पाठोपाठ एक वाक्य. "बाबा, मी गाडी घेऊन पुढे जाते."

ते मावशीचं वाक्य होतं. पुढच्या प्रसंगातलं. तिने ते अजून उच्चारलंही नव्हतं.

ती तडक हॉब्सकडे गेली. "नेलचं नक्की काय झालं?"

"बाईसाहेब, तुम्हाला नटी म्हणून घेतलंय, पोलीस म्हणून नाही."

"मला खरं सांगा."

"खरं सांगू? तुझ्या जागी यायला मुली टपून बसल्यात. जायचंय? जा."

मावशी गेली नाही. हे काम सोडलं असतं तर जन्मभर किंचाळतच राहावं लागलं असतं, हे तिला ठाऊक होतं.

ऊन उतरायला लागलं तसा तो प्रसंग घ्यायचं ठरलं. उधळलेली घोडागाडी, गाडीवर एकटी नायिका, समोर दरी. असल्या कामाला बदली माणूस घेतात. हॉब्सने घेतला नव्हता.

"दरीच्या अलीकडे लगाम खेचायचा. एवढंच तर करायचंय. नेल काय बदली मागत होती?"

"म्हणजे हा प्रसंग तिनेही केला होता?"

हॉब्सने पाठ फिरवली. "कॅमेरा!"

मावशीने लगाम हातात घेतले. घोडे फुरफुरत होते. कान मागे पाडून सारखे मागे वळून मावशीशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

तेवढ्यात...

शेजारची फळी करकरली. कोणीतरी बसावं तशी खाली दबली.

तिथे कोणी नव्हतं.

"उतर."

या वेळी हेडफोन नव्हते. आवाज थेट कानात आला.

"उतर... ही जागा माझी आहे."

मावशीने लगाम सोडून खाली उडी टाकली. कोपर सोललं, तोंडात वाळू गेली. घोडे उधळले. वळणावर कडाड् आवाज झाला, जू मोडलं, घोडे सुटून बाजूला पळाले...

आणि रिकामी गाडी सरळ दरीत गेली.

सगळे धावले. ऑटो तेवढा जागचा हलला नाही. त्याने हेडफोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरले होते.

"विल्मा, आत्ता किंचाळलीस ती तूच ना?"

मावशीच्या तोंडून शब्दही फुटला नव्हता.

पुढे शहरात परतल्यावर ती फिल्म धुऊन आली. छोट्याशा खोलीत हॉब्स, ऑटो आणि मावशी बघायला बसले. पडद्यावर घोडे उधळले. मावशी स्वतःची उडी दिसायची वाट बघत होती.

उडी आलीच नाही.

गाडीवर एक बाई बसली होती. पाठमोरी, ताठ, लगाम हातात. गाडी दरीत गेली तेव्हाही ती जागची हलली नाही.

नुसता प्रोजेक्टरचा खडखडाट.

मग हॉब्सने चिरूट पेटवला.

"हाच शॉट ठेवा," तो म्हणाला. आणि मग, अगदी हळू, "नेलला कधी दुसरा टेक लागायचा नाही."

मावशी दुसऱ्याच दिवशी शेरीफकडे गेली. त्याने माणसं पाठवून दरी पालथी घातली. त्या दिवशीची मोडकी गाडी मिळाली, बाकी काही नाही. हॉब्सने तिथेही कॅन्ससच सांगितलं. नेल कॉर्बीला नंतर कोणीच पाहिलं नाही.

सिनेमा लागला. लोकांना तोच शॉट आवडला. काय धाडसी नटी आहे, म्हणाले! त्या एका शॉटवर मावशीला पुढे कितीतरी वर्षं कामं मिळत गेली. ऑटोने मात्र तो धंदाच सोडला.

मावशीच्या म्हातारपणी मी एकदा तिला म्हटलं, "मावशी, काही असो, तिने तुझा जीव वाचवला."



"वाचवायचं असतं तर नुसतं 'उतर' म्हणाली असती रे," ती म्हणाली. "जागा माझी आहे, असं कशाला म्हणेल?"

तो सिनेमा अधूनमधून टीव्हीवर लागतो.

मी आवाज बंद करून बघतो.